माघारी फिरा

शमुवेल खिलारे जून महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी कुपवाडमधल्या राहत्या घरी वारले. वय एकाहत्तर. हृदयाचा त्रास होता आणि तो घरच्यांना माहीत होता. त्यांच्या पत्नी शांताबाईंनी मला फोन केला तेव्हा शेजारच्या वर्कशॉपमधला प्रेस चालू होता, त्यामुळे पहिलं वाक्य त्यांना दोनदा सांगावं लागलं. त्याच दिवशी दुपारी मिरजेच्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात निधनवार्ता आली. तिच्यात नाव होतं, शामराव ऊर्फ शमुवेल खिलारे. दोन्ही नावं घालावीत असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. ते का, हे या मजकुरात पुढे येईल.

खिलारे टर्नर होते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात त्यांनी उभा जन्म लेथवर काढला. साप्ताहिक सुट्टी रविवारी नसे, त्यामुळे रविवारची उपासना ते कामावर जाण्याआधी उरकत आणि सुट्टीच्या दिवशी, जिथला बाजार असेल तिथे, उपदेश करायला जात. इस्लामपूर, आष्टा, तासगाव, कराड. मे महिन्यात महाबळेश्वरला, स्ट्रॉबेरीच्या शेतांवर येणाऱ्या मजुरांत आणि टॅक्सीस्टँडवर. ते पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नव्हते. मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, त्यांना नेमलेलं नव्हतं, पगार तर नव्हताच. मोपेडच्या मागे अक्षरं रंगवलेली एक फळी बांधलेली आणि गळ्यात बॅटरीवरचा भोंगा. बोलणं पाच-सात मिनिटांचं. कुणी हटकलं तर वाद न घालता भोंगा बंद करून निघायचं. हटकणारे असत. ऐकणारे त्याहून कमी. बहुतेक लोक भाजी घेत पुढे जात.

माझी त्यांची ओळख पेपरातल्या एका चौकटीमुळे झाली. मी तेव्हा इस्लामपूर भागाच्या बातम्या पाहत होतो. पावसाळ्यात पोलीस ठाण्यातून एक गमतीची नोंद आली. खोलेवाडी फाट्यावर एका धर्मोपदेशकाने ‘माघारी फिरा’ अशी फळी उभी केल्याने पूल बंद असल्याचा समज होऊन वाहनं परतली, त्याला समज देऊन सोडण्यात आलं. चार ओळींची चौकट झाली. ती छापून आल्यावर दुसऱ्या दिवशी एक उंच, वाळलेला, हातावर तेलाचे डाग असलेला माणूस कार्यालयात आला. तक्रार करायला आला असेल असं वाटलं. त्यांनी अंक टेबलावर ठेवला, चौकटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “साहेब, हा पेपर खोलेवाडीला जातो का?” जातो, म्हणून सांगितलं. त्यांनी अंकाची घडी घातली, ती शर्टाच्या आत सरकवली आणि गेले.

खोलेवाडी हे त्यांचं जन्मगाव, हे मला त्यानंतर काही महिन्यांनी कळलं.

खिलारे घराणं खोलेवाडीतलं, शेतकरी. घरात दोघे भाऊ. थोरले तुकाराम शेती बघत, धाकटे शामराव आयटीआय करून कुपवाडला आले. तिथे मिरजेच्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या शेजारी खोली मिळाली. त्या घरात जाणं-येणं वाढलं, शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणं सुरू झालं, बाप्तिस्मा झाला, शामरावाचे शमुवेल झाले आणि त्याच घरातल्या शांताबाईंशी लग्न झालं. घरून फार विरोध झाला नाही. आई एकदा कुपवाडला येऊन सून बघून गेली, येताना तिने सुनेला लुगडं आणलं होतं. पुढच्या वर्षी आई वारली. तेराव्याच्या जेवणाला सगळी भावकी जमली होती. पंगत बसायच्या आधी शमुवेल उभे राहिले. त्यांनी आधी निवदाचं, म्हणजे नैवेद्य दाखवलेलं, जेवण नाकारलं. मग सर्वांसमोर सांगितलं की आपली आई पश्चात्ताप न करता, क्षमेवाचून गेली, ती आता कुठे असेल हे शास्त्रात स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि इथे बसलेल्यांनी तरी वेळेवर जागं व्हावं. ते सव्वीस वर्षांचे होते. तुकारामांनी भावाच्या चपला उचलून अंगणाच्या बाहेर नेऊन ठेवल्या.

त्यानंतर शमुवेल गावात गेले नाहीत. बाकी सगळीकडे गेले.

त्यांच्या उपदेशाचा गाभा एकच होता. पश्चात्ताप करावा, पापांची क्षमा मिळते, आणि ही गोष्ट सर्व राष्ट्रांना सांगण्याची आज्ञा आहे. ‘सर्व राष्ट्रं’ हा शब्द ते अगदी शब्दशः घेत. त्यासाठी कुठे लांब जायची गरज नाही असं मात्र त्यांचं मत होतं. कारखान्याच्या फाटकावर पाळी सुटताना ते बोट करून दाखवत, हा बिहारचा, हा विजापूरचा, हा ओरिसाचा. “राष्ट्रं हितंच डबा घेऊन येतात,” असं म्हणत. त्या प्रत्येकाच्या भाषेतले पाच-दहा शब्द त्यांनी गोळा केले होते.

अडचण आली ती मराठीत. आष्ट्याच्या बाजारात ते भोंग्यावरून पश्चात्ताप, पश्चात्ताप असं बराच वेळ सांगत होते. कोथिंबिरीची पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीने त्यांना हाताने जवळ बोलावलं. तिच्या मांडीवर नात झोपली होती. “मास्तर, ह्यो पश्चात ताप कसला असतोय? थंडी वाजून येतो का नुसतंच अंग तापतंय?” तिने विचारलं. नातीला दोन दिवस ताप होता. शमुवेल यांनी भोंगा बंद केला आणि तिला सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगितला. ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि सांगताना हसत. पण तेव्हा त्यांना ती लागली होती. इतकी वर्षं आपण जे ओरडून सांगतो ते लोकांना आजाराचं नाव वाटतंय, हे त्यांना नवीन होतं. कारखान्यातल्या सलीम मुल्लाने, जो त्यांच्या शेजारच्या लेथवर होता, याचा बराच काळ फायदा घेतला. शमुवेल सुट्टीवर असताना एका नव्या कामगाराने आटे पाडायचं हत्यार, म्हणजे टॅप, मोडलं. दुसऱ्या दिवशी सलीमने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “चाचा, तुमच्या पश्चात टॅप मोडायला लागलेत.”

शब्द मिळाला तो त्याच टॅपवरून. नव्या कामगाराला शमुवेल दाखवत होते. भोकात आतून आटे पाडायचे तर टॅप नुसता पुढे रेटून चालत नाही. पुढे एक फेरा दिला की अर्धा फेरा उलटा द्यायचा, म्हणजे लोखंडाचा कीस तुटून मोकळा होतो. नाहीतर तो आत अडकतो आणि टॅप मोडतो. हे ते हजारदा करून बसले होते. त्या दिवशी ते तोंडाने म्हणाले, “माघारी फिरल्याबगर तुटत न्हाई बघ,” आणि थांबले... सलीमच्या सांगण्यानुसार ते काही वेळ टॅपची मूठ धरून तसेच उभे होते. पुढच्या सुट्टीला त्यांनी फळी खरवडून नव्याने रंगवली. वर मोठ्या तांबड्या अक्षरांत ‘माघारी फिरा’. खाली लहान, निळ्या अक्षरांत ‘क्षमा आहे’. पश्चात्ताप हा शब्द त्यांनी बाजारात पुन्हा वापरला नाही. कानडी माणसाला ‘तिरुगि बा’, हिंदी बोलणाऱ्याला ‘लौट आओ’. लोकांना कळू लागलं. म्हणून लोक फिरू लागले असं नाही, पण काय सांगतोय हे विचारायला थांबू लागले.

फाट्यावरचा प्रकार या फळीचा. इस्लामपूरचा बाजार करून ते परतत होते, पाऊस लागला, खोलेवाडी फाट्यावरच्या एसटीच्या निवाऱ्यात थांबले. फळी भिजू नये म्हणून ती सोडून निवाऱ्याच्या खांबाला टेकवली. तोंड रस्त्याकडे राहिलं. स्वतः समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेले. फाट्यापासून गाव आत आहे आणि मध्ये ओढ्यावर फरशी पूल आहे. नदी चढली की फुगवट्याचं पाणी आधी त्याच्यावर येतं. तेव्हा पाणी फरशीच्या खाली होतं, पण चढत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यांदा एसटी आली. चालकाने फळी वाचली आणि गाडी वळवली. मग दूध संघाचा टेम्पो आला, तोही वळला. वरची ओळ मोठी होती. खालची वाचण्याइतकं कुणी जवळ गेलं नाही. शमुवेल टपरीवरून बघत होते. त्यांनी नंतर मला सांगितलं की आधी त्यांना काही कळलंच नाही. आज लोक फिरतायत, एवढंच वाटलं.

गावात दुधाचे कॅन भरून लोक टेम्पोची वाट बघत होते. टेम्पो येईना, तेव्हा चार-पाच जण कॅन घेऊन चालत फाट्यावर आले. त्यांत तुकाराम होते. भावाभावांची भेट चोवीस-पंचवीस वर्षांनी झाली, ती निवाऱ्यात, फळीच्या दोन बाजूंना. गावकऱ्यांनी आधी शिव्या दिल्या. कुणी तरी पोलिसांना फोन केला. तुकारामांनी कॅन खाली ठेवला, फळी वाचली, दोन्ही ओळी. मग भावाकडे न बघता म्हणाले,

“साऱ्या मुलखाला माघारी फीर म्हणतुयास. तू कवा फिरणार रं, शामा?”

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. शमुवेल यांना आणि फळीला घेऊन गेली. संध्याकाळी फरशीवर खरोखरच पाणी आलं, पण ते आमच्या चौकटीत नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी उपदेश बंद केला. फळी पोलिसांकडून परत आणली, ती घराच्या मागच्या भिंतीला उलटी लावून ठेवली. कामावर जात, रविवारी उपासनेला बसत, बाजारात जात नसत. मंडळीतल्या काहींना वाटलं, पोलिसांना घाबरले. शांताबाई सांगतात की प्रश्न पोलिसांचा नव्हता. आधीपासूनच इस्लामपूरहून येताना दर वेळी ते त्या फाट्यावर थांबत, पाऊस असो नसो, आणि आत न वळता घरी येत, हे त्यांना माहीत होतं. “ते सगळीकडं जायचे, एक ठिकाण सोडून,” त्या म्हणाल्या. माझ्या स्वतःच्या एक गोष्ट उशिरा लक्षात आली. शास्त्रातल्या ज्या आज्ञेवर शमुवेल बोलत, तिच्या शेवटी सुरुवात कुठून करायची तेही सांगितलेलं आहे... यरुशलेमपासून, म्हणजे येशूचे शिष्य जिथे होते त्या गावापासून. शमुवेल यांचा तोवरचा उपदेश सलीमला तोंडपाठ होता. ते ‘सर्व राष्ट्रांना’ इथे थांबत.

पुढच्या पितृपंधरवड्यात ते खोलेवाडीला गेले. त्या भागात या दिवसांत घरोघर म्हाळ घालतात, गेलेल्या माणसांच्या नावाने भावकीला जेवण असतं. खिलाऱ्यांच्या घरचा म्हाळ आईच्या तिथीला असे. फळी घेतली नाही, भोंगा घेतला नाही, शास्त्रही घरी ठेवलं. शांताबाई बरोबर होत्या. मोपेड फाट्यावर ठेवून दोघे फरशीवरून चालत गेले. पुढे जे झालं ते शमुवेल यांनी मला कधीच सांगितलं नाही. मी ते शांताबाईंकडून आणि तुकारामांच्या पत्नी सखुबाईंकडून ऐकलं. दोघींच्या सांगण्यात थोडा फरक आहे. सखुबाईंच्या मते ते दारातच उभे राहून बोलले. शांताबाईंच्या मते आत येऊन बोलले. बोलले काय, याबद्दल मात्र दोघींचं एकमत आहे. पंगत बसत होती, तेराव्याला असलेल्यांपैकी जे उरले होते ते सगळे तिथे होते. शमुवेल त्यांच्यासमोर म्हणाले, “त्या दिवशी आईबद्दल मी जे बोललो, ते बोलायचा मला हक्क नव्हता. ती कुठं हाय ते मला ठावं न्हाई. मी चुकलो, दादा.”

धर्म सोडला, असं ते म्हणाले नाहीत. कुणी तसं विचारलंही नाही. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने, चुकला ते ठीक, आता जेवणार का ते विचारा, असा टोला मारला. पेच खरा होता. पान वाढलेलं होतं, निवद दाखवून झाला होता, आणि निवदाचं अन्न शमुवेल खाणार नाहीत हे सगळ्यांना तेराव्यापासून माहीत होतं. न जेवता उठले असते तर पुन्हा तेच झालं असतं. जेवले असते तर मंडळीत त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. आणि कुणी दबावाखाली जेवावं असं तुकारामांनाही नको होतं, हे पुढच्या गोष्टीवरून दिसतं. त्यांनी चुलीकडे बघून सांगितलं, “शामाचं आन गं.”

सखुबाईंनी फडताळातून झाकलेलं ताट आणलं. पुरणपोळी, आमटी, भात, भजी. “ह्ये आदीच काडून ठेवल्यालं हाय,” तुकाराम म्हणाले. “निवदाचं न्हाई. बस खाली.”

म्हाळाच्या दिवशी निवद दाखवायच्या आधी अन्न बाजूला काढत नाहीत. उष्टावल्यासारखं होतं ते. शांताबाईंनी सखुबाईंना हळूच विचारलं, आम्ही येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं? कुणीच सांगितलं नव्हतं. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षापासून तुकाराम दर म्हाळाला ते ताट काढायला लावत होते. संध्याकाळी ते ताट सखुबाई खात किंवा गड्याला देत. भावकीला हे माहीत नव्हतं. सखुबाईंनी सुरुवातीला विरोध केला होता, निवदाआधी हात लावणं बरं नाही म्हणून. मग सोडून दिला. “ते म्हणायचे, आला तर उपाशी जाईल,” एवढंच त्यांनी मला सांगितलं.

शमुवेल जेवले. मंडळीत बोभाटा झालाच. पाळकांनी बोलावून विचारलं. “जेवलो. निवदाचं न्हवतं,” असं उत्तर दिलं आणि विषय संपला.

त्यानंतर पंधराएक वर्षं त्यांनी उपदेश केला. फरक एवढाच पडला की ते आता वाक्य पूर्ण करत. सर्व राष्ट्रांना सांगायचं, आणि सुरुवात आपल्या उंबऱ्यापासून. “मी ती सुरुवात लय उशिरा केली,” असं पुढे जोडत. काय केलं ते मात्र बाजारात कधी सांगितलं नाही. आईबद्दल, मेलेल्या कुणाबद्दलही, ते पुन्हा बोलले नाहीत. कुणी विचारलंच तर, ते माझ्याकडं न्हाई, असं म्हणत. म्हाळाला दर वर्षी जात. ताट बाजूला काढलेलं असे. नाताळला तुकाराम आणि सखुबाई कुपवाडला येत आणि सलीम त्यांना स्टँडवरून आणायला जाई.

पुढे फळी तुकारामांनी मागून घेतली. आमच्या फरशीला पाटी नाही, ग्रामपंचायत नुसतं बघू म्हणते, तुझी दे, असं ते म्हणाले. शमुवेल यांना तोवर मोपेड झेपत नव्हती, बाजारात जाणं बंद झालं होतं, ते फक्त कारखान्याच्या फाटकावर उभे राहत. त्यांनी फळी दिली. पाणी चढू लागलं की तुकाराम ती फाट्यावर नेऊन उभी करत आणि उतरलं की सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, आणून ठेवत. एसटीचे चालक ती ओळखू लागले.

माझी शेवटची भेट मे महिन्यात झाली. ते खाटेवर बसून होते, बोलताना धाप लागत होती. फरशीची उंची वाढवायचं काही ठरलं का, असं त्यांनी विचारलं. ठरलं नव्हतं. मग विचारलं, “तुमचा पेपर खोलेवाडीला अजून जातो का?” जातो, म्हटलं. “मग माझं आलं की दोनी नावं घाला. तितं शामा म्हणतात.”

अंत्यविधीला खोलेवाडीहून एक टेम्पो भरून माणसं आली होती. प्रार्थना झाली, पेटी खाली सोडली. तुकारामांनी पाळकांना विचारलं, मी माती टाकलेली चालती का? पाळक म्हणाले, पहिली तुम्हीच टाका. त्यांनी मूठभर माती टाकली आणि बाजूला येऊन उभे राहिले. ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. “नंबर माझा हुता,” ते म्हणाले. सलीमने त्यांना हाताला धरून टेम्पोपर्यंत नेलं.

जुलैच्या शेवटी नदी चढली आणि खोलेवाडीची फरशी पाण्याखाली गेली. फळी फाट्यावर उभी होती. तुकारामांनी ती नातवाच्या मोटरसायकलवरून नेऊन ठेवली होती. फरशीवर पाणी यायच्या आत दूध फाट्यावर आणून टेम्पोत भरलं गेलं होतं. पाणी उतरल्यावर मी खोलेवाडीला गेलो तेव्हा फळी पुसून सोप्यात, भिंतीला टेकवून ठेवलेली होती. वरची ओळ गेल्या वर्षी पेंटरकडून नव्याने रंगवून घेतलेली आहे. खालची शमुवेल यांच्या हातची आहे.